विसावं नाव

"साहेब, तुम्ही माझ्या नातीला शाळेच्या दारातून हाकललंत."

शाळेची घंटा देणाऱ्या मावशींनी हातातलं फडकंही खाली न ठेवता हे तोंडावर सांगितलं. तपासणीला येऊन हेडमास्तरांच्या खोलीत बसलेले मोठे साहेब नकाशावरून मान वर करेनात.

साहेबांचीही गोची होती. आजूबाजूला नव्या इमारती उठल्या आणि तीन वर्षांत शाळेचा पट बाराशेवर गेला. शाळा दोन पाळ्यांत भरू लागली. वाचनालयात दुसरीचा वर्ग बसला, पुस्तकं जिन्याखाली खोक्यांत गेली. तरी पोरं मावेनात. मग साहेबांनी नकाशावर लाल रेघ ओढली. अलीकडची मुलं आत, पलीकडची दूरच्या शाळेत. मावशींची गल्ली पलीकडे पडली. घंटा मात्र त्यांच्या घरात ऐकू जाते.

नात समोरच्या वर्गाच्या खिडकीला चिकटून चवड्यांवर उभी होती. आत, खिडकीलगत तिसरा बाक. मावशी रोज तो सगळ्यांत शेवटी पुसायच्या, सावकाश. तिथून आपल्या घरातलं कुणीतरी पुन्हा एकदा 'हजर' म्हणावं, एवढाच त्यांना ध्यास.

"मावशी, एकीला घेतलं की उद्या शंभर येतील," साहेब म्हणाले. "एका डोक्यानं काय होतं, असं प्रत्येकालाच वाटतं."

"एका डोक्यानं काय होतं, ते मला विचारा."

त्यांनी कपाटाच्या तळातून एक जुनी हजेरी ओढून काढली. पानावर वीस नावं.

"सव्वीस वर्षांपूर्वी तुमचंच ऑफिस ही शाळा बंद करायला निघालं होतं. वीस पोरं दाखवा, नाहीतर कुलूप! मी दारोदार फिरले. एकोणीस झाली." त्यांचं बोट शेवटच्या नावावर थांबलं. "ही माझी लेक. साडेतीन वर्षांची. हेडमास्तरांनी सहाची लिहिली, मी लिहू दिली. मोजणीच्या दिवशी तिसऱ्या बाकावर पेंगत होती. मी दाराआडून डोळे वटारले, तशी 'हजर' म्हणाली. शाळा वाचली."

"मग चांगलंच झालं की!" साहेब हसले.

"शाळेचं झालं. ती दुधाचे दात पडायच्या आत दोनदा नापास झाली. 'ढ' म्हणून सगळ्यांनी हिणवलं. पाचवीत दप्तर टाकलं ते टाकलंच. आज परमुलखात दुसऱ्यांची मुलं सांभाळते आणि स्वतःची माझ्याकडे ठेवून गेलीय. जाताना म्हणाली, 'आई, हिला तरी वेळेवर बसव.'"

समोरच्या वर्गात हजेरी सुरू झाली. बाई एकेक नाव घेत होत्या आणि प्रत्येक नावाला, आतल्या मुलांच्याही आधी, खिडकीबाहेरून एक बारीक आवाज येत होता. "हजर." "हजर."

साहेबांची मान आता वर झाली.

मावशींनी उघडी हजेरी नकाशावर, त्या लाल रेघेवरच ठेवली.

"वीस भरायला वय न झालेली माझी लेक चालली. तिची लेक आज बरोबर सहाची आहे. तिला कोणत्या तोंडानं नाही म्हणता? बोला, साहेब."