शहराची वाटणी

मामीने शिवणाच्या टेबलावरचं कापड बाजूला सारलं आणि तिथे शहर पसरलं. युरोपातलं शहर, कागद एकमेकांना चिकटवून केलेला मोठा नकाशा. मधून नदी, नदीवर पूल, एका कडेला टेकडी. सुट्टीत सगळ्यांनी तिथे जायचं ठरलं होतं. तिकिटं हातात आली होती. आता फक्त भांडण उरलं होतं, की तिथे जाऊन बघायचं काय.

"प्रत्येकाने एक तुकडा घ्यायचा," मामी म्हणाली. "ज्याचा तुकडा त्याचा हुकूम. त्या दिवशी बाकीच्यांनी गुपचूप मागे चालायचं. पाय दुखले म्हणून रडायचं नाही."

"मला काय सांगतेस? मी कुठे रडतो?" तिचा मुलगा म्हणाला.

"तुला नाही, तुझ्या बाबांना सांगतेय."

मामा हसला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर लोकांना वरखाली पोचवणारा माणूस, पण स्वतः चार पावलं चालायचा त्याला कंटाळा. त्याचं बोट कधीच टेकडीवर चढलं होतं. "इथे तारेने ओढलेला डबा वर जातो. मला त्याचं यंत्र बघायचंय."

"सुट्टीतही लिफ्टच! धन्य आहे," मामी म्हणाली.

वाटणीचा या घरात एकच कायदा होता. केक असो की कलिंगड, जो कापेल तो शेवटी उचलेल. मामीने कात्री भाचीपुढे सरकवली. "आज मुंगी कापेल."

भाचीला घरात सगळे मुंगी म्हणत. गेल्या वर्षी ती इथे राहायला आली, तेव्हापासून कुणी न सांगता काहीतरी उचलून ठेव, पुस, नेऊन दे, असं तिचं चालू असे.

मुंगीने भराभर कात्री चालवली. कागद फिरवून बघितलाही नाही. कुणी हात घालायच्या आतच तिने टेकडी मामाकडे सरकवली, दुकानांचे रस्ते मामीकडे, फुटबॉलचं मैदान मुलाकडे. मग कात्री मिटून ठेवली आणि टेबलावरचे कपटे गोळा करू लागली.

मुलाने टेबलाखाली वाकून बघितलं. "तुझा कुठाय?"

"मला नको."

"नको कसा? कापणाऱ्याला शेवटचा."

"तीनच केलेत."

मामाने टेकडी खाली ठेवली. "अगं मुंगे, चार माणसं आहोत आपण."

"मी खालच्या काकूंकडे राहीन." ती कपट्यांकडे बघून बोलत होती. "मी त्यांना विचारलंय. हो म्हणाल्या. त्यांच्या मांजराला खायला घालीन, इथल्या झाडांना पाणी घालीन. घर झाडून ठेवीन, मामी."

मामीने मामाकडे बघितलं, मामाने मामीकडे. तीही येणार आहे हे तिला दुसऱ्याने सांगितलं असेल, असं दोघांनाही वाटलं होतं. खरं तर सांगायची गरजच कुणाला वाटली नव्हती.

"परवा तुझा फोटो काढला," मामा म्हणाला. "त्या व्हिसाच्या ऑफिसात नेऊन बसवलं. ते कशाला वाटलं तुला?"

"मला वाटलं, मी इथे राहते म्हणून कुठेतरी लिहून घेत असतील."

मुलाने कपाळाला हात लावला. "म्हणजे तिथे मी या दोघांच्यात एकटा? मग मी भांडू कुणाशी?"

"तू गप्प बस," मामी म्हणाली, पण तिचा आवाज नेहमीसारखा चढला नाही. तिने सगळ्यांपुढचे तुकडे ओढून घेतले, कडेला कड लावली आणि मागून चिकटपट्टी मारली. नदी पुन्हा सलग झाली.

"काकूंना मी निरोप देते. म्हणावं, मांजराला दुसरं कुणी शोधा, आमची पोरगी मोकळी नाही." तिने कात्री उचलून मुंगीच्या हातात दिली. "आणि तू आता नीट काप. चार."

मुंगी थोडा वेळ नुसती कात्री धरून बसली. मग तिने कागद दुमडला, उलगडला, पुन्हा दुसऱ्या बाजूने दुमडला. पूल कुणाकडे जातो ते बोट फिरवून बघितलं. बाग एका तुकड्यात जास्त येत होती, तर रेघ सरकवली. जीभ बाहेर काढून ती हळूहळू कापू लागली.

"दादा, टेबल हलवू नकोस!" ती ओरडली.

मुलगा दचकून मागे सरला. "अगं पण किती वेळ? अंधार पडेल."

"पडू दे."

मामा तोंडावर हात ठेवून हसू दाबत होता.

अर्ध्यावर आल्यावर मुंगी थांबली. मान वर न करता तिने विचारलं, "मामी, तिथे थंडी असते का गं?"

"संध्याकाळी पडते म्हणतात. का?"

"माझा स्वेटर आखूड झालाय. केव्हाचाच."

मामीने गळ्यातली मापाची टेप काढली.

"हात सरळ कर," ती म्हणाली.