जळगाव सुटलं

दोहा ते नागपूर अठ्ठावीसशे किलोमीटर, विमानाचे पावणेचार तास. हॉलमध्ये मास्तरांचा देह शीतपेटीत ठेवला होता आणि येणारा प्रत्येक जण हळूच विचारत होता, "परागला अजून किती वेळ?" मुलगा आल्याशिवाय मास्तरांना हलवायचं नव्हतं. कुमुदताई नवऱ्याच्या पेटीशेजारी भिंतीला टेकून बसल्या होत्या. सकाळपासून डोळ्यांत टिपूस नव्हतं.

मास्तर तीस वर्षं स्टेशनमास्तर होते. पराग सुट्टीवर यायचा तेव्हा ते मोबाइलमधल्या नकाशावर त्याचं विमान बघत बसायचे आणि गाडी पुढे सोडल्यासारखे स्वयंपाकघराकडे ओरडायचे, "अगं, जळगाव सुटलं!" मग कुमुदताई कुकर चढवायच्या. पराग दारात यायचा तो गरम वरणभातावरच.

आज तो मोबाइल धाकट्या दिरांच्या हातात होता. कुणीतरी पुन्हा विचारलं, तसं ते म्हणाले, "आलाच आता. जळगाव सुटलं."

कुमुदताई उठल्या. पाणी प्यायला चालल्या असतील, असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी तांदूळ धुतले, डाळ धुतली, कुकर चढवला आणि गॅस पेटवला.

नणंद धावत आत आली. "अहो वहिनी, काय करताय? दादा अजून घरात आहे. आज चूल पेटवायची नसते. जेवण शेजारून येईल." तिने गॅस बंद केला.

"हो का," कुमुदताई म्हणाल्या. झाकण काढून त्या बराच वेळ कुकरमध्ये बघत राहिल्या.

"तीन वाट्या तांदूळ घातलेत," त्या म्हणाल्या. "एक काढून ठेवू का?"