पेट्या इथे, नोंद तिकडे

"पेट्या परत आल्या, लेनोर नाही आली," डोरीन म्हणाली. ती बँकेच्या त्या छोट्या शाखेची प्रमुख. "ऑर्विल, आता तरी आपल्या तारणाची कॅलिफोर्नियात नोंद करा."

कर्जाच्या फायली सांभाळणाऱ्या ऑर्विलने खिडकीबाहेर पाहिलं. नॉर्थ डकोटातल्या त्या गावाच्या कडेला, क्लोव्हरच्या फुलांच्या कुरणात, लेनोरच्या मधमाश्यांच्या पांढऱ्या पेट्या मांडलेल्या होत्या. सगळ्या बँकेकडे तारण. बदामाच्या मोहराच्या परागीभवनासाठी जानेवारीत त्या ट्रकमधून कॅलिफोर्नियाला गेल्या, तेव्हा तीही गेली होती.

"तारण समोर दिसतंय की," तो म्हणाला.

"पेट्या कुठे का असेनात! कायदा बघतो कर्जदार कुठे राहतो ते. तिने राज्य बदललं, की चार महिन्यांत इथली आपली नोंद फुकट. उद्या दुसरी बँक पेट्या उचलून नेईल, अन् आपण बसू हात चोळत."

"ती राहायला गेलेली नाही. तिचा कोट अजून खुंटीला आहे. मी रोज बघतो."

डोरीनने टेबलावरची फाइल जवळ ओढली. "फाइल दुसऱ्या कुणाकडे देऊ का?"

"नको."

"मग फोन करा. विचारा तरी एकदा."

त्याने फोन लावला.

"लेनोर, बँकेतून बोलतोय."

"बँकेतून?" ती हसली. "बोला, साहेब."

"तुझं कायमचं राहणं कुठे, ते हवंय."

"मोडेस्टो, कॅलिफोर्निया. मार्चपासून. गाडीचा परवानाही इथलाच काढलाय."

"पक्कं लिहू?"

"लिही." तिचा आवाज खाली आला. "खोकला कसा आहे?"

"बरा आहे. कोट पाठवू?"

"इथे कुठे लागतो? देऊन टाक कुणाला तरी."

दुपारीच त्याने कॅलिफोर्नियाकडे नोंद पाठवली. मुदतीला थोडेच दिवस उरले होते.

"सुटलो बाई!" डोरीन म्हणाली. मग त्याच्याकडे पाहून तिने विचारलं, "संध्याकाळी ओव्हनमधला बटाट्याचा हॉटडिश आणून देऊ?"

"भूक नाही."

संध्याकाळी तो घरी गेला. कुलूप काढलं, खुंटीवरचा कोट उतरवला. माश्यांना द्यायच्या धुराचा वास त्याला अजून होता. घडी घालून त्याने तो खोक्यात ठेवला. मग पेचकस घेऊन फाटकाशी आला आणि टपालपेटीवरची तिच्या नावाची पट्टी सोडवली.

खाली एकच पट्टी उरली, नवऱ्याच्या नावाची: ऑर्विल ट्वेट.