शंभर शब्दांची नोंद

मुलगा जाऊन वर्ष झालं, तेव्हा आई त्याच्या विद्यापीठात गेली. शिकत असताना, अगदी ठणठणीत असताना, त्याने उच्चारांच्या एका संशोधनासाठी शंभर शब्द वाचून दिले होते. ती ध्वनिफीत अजून भाषा विभागात होती.

तिथल्या तरुण संशोधिकेने तिला हेडफोन दिला. "पाणी. खिडकी. सावली." लेकाचा तो खणखणीत आवाज ऐकून आई हमसून हमसून रडली.

मग ती रोज दुपारी येऊ लागली. चौथ्या दिवशी 'खिडकी'नंतर तो खोकला.

"हे आधी नव्हतं," दुसऱ्या हेडफोनवर सोबत ऐकणारी संशोधिका पुटपुटली.

आईने मात्र तो खोकला ओळखला. शेवटच्या आजारपणात उशाशी बसून महिनाभर तिने तोच ऐकला होता.

दिवसागणिक त्याचा आवाज खोल गेला. आठव्या दिवशी तर दहा शब्दांतच त्याला धाप लागली.

"काकू, नका ना ऐकू आता."

"माझ्या ऐकण्यानेच त्याला त्रास होतोय गं," म्हणत आईने बंदचं बटण चाचपलं.

तेवढ्यात तिच्या कानात यादीत नसलेले शब्द आले.

"आई, बंद नको करूस. बंद केलंस की श्वासच घेता येत नाही."