वर सरकवलेली पट्टी

कारखान्याच्या इस्त्रीखात्यात तापमापकावर लाल पट्टी होती. पारा तिला टेकला की काम बंद. यंदा तो रोजच टेकायला लागला, तेव्हा साहेबांनी पट्टीच वर सरकवली. "जग तापलंय, बायांनो. आता जुळवून घ्यायचं." तिथे इस्त्री करणाऱ्या दोघी जावांपैकी थोरलीच्या डोक्यात तिडीक गेली. सासरी पाठवताना आईही हेच म्हणाली होती, पण ती निदान रडत तरी होती. दुपारी शेजारच्या टेबलाशी धाकटी, सात महिन्यांची पोटुशी, इस्त्रीसकट कोसळली. पारा अजून पट्टीखालीच होता. थोरलीने तिला उचलून साहेबांच्या केबिनमध्ये नेलं. आत गारठा होता आणि साहेब स्वेटर घालून चहा पीत होते. "परवानगी कुणाची?" "स्वेटर काढा." "अगं, एसीत थंडी वाजते मला!" तेवढ्यात धाकटी भडभडून ओकली. थोरलीने त्यांचा स्वेटर डोक्यावरून ओढून काढला, जावेचं तोंड पुसलं आणि बोळा चहाशेजारी ठेवला.