टॅबची पूजा

तंत्रज्ञानापुढे अंतर उरत नाही, असं बजावून समाजकल्याण खात्याच्या साहेबांनी करोनामुळे बंद असलेल्या फाटकाच्या गजांतून वृद्धाश्रमाला टॅब दिला. दसऱ्याला आज्यांनी शिलाई मशीन, मिक्सर यांच्याबरोबर त्याचीही पूजा केली. हळदकुंकू वर, नेमकं कॅमेऱ्यावर लावलं. कपाळ तिथेच असणार, नाही का?

संध्याकाळी इस्पितळातून द्वारकाबाईंच्या मुलाचा व्हिडिओ कॉल आला. त्याला व्हेंटिलेटरवर घेणार होते.

"आई, दिसत नाहीस गं. नुसतं लाल दिसतंय."

"अरे, ही काय समोर बसलेय!" द्वारकाबाईंनी पदर सारखा करून चेहरा काचेजवळ नेला. "आता?"

"नाही गं."

"ताप डोळ्यांत गेलाय तुझ्या. बरा हो, मग बघ डोळे भरून."

तो बरा झाला नाही. तेराव्यानंतर साहेब पाहणीला आले. त्यांनी टॅब सॅनिटायझरने पुसून सुरू केला. उत्तम चालत होता.