डाव्या पायाचं माप

पूजा दुकानाची पायरी चढली आणि थेट म्हणाली, "काका, बूट द्या."

वैजनाथने हातातली चप्पल खाली ठेवली नाही. केडगावात पुणे रस्त्याच्या कडेला त्याचं पत्र्याचं दुकान. तिथे कातडं तोच कापायचा, चपला-बूट तोच शिवायचा.

"झालाय गं. नुसती शिलाई राहिली. सोमवारी ये."

"मागच्या सोमवारी बी हेच म्हनलात."

"पुण्याहून रबराची शीट यायची हाय."

"मग शिलाई राहिली का शीट राहिली?"

सातवीतली पोरगी, पण उलटतपासणी वकिलाची. तिचा डावा पाय दोन इंच आखूड होता. उंच तळव्याचा जुना बूट आता पायात होईना, म्हणून तिने ब्लेडने त्याचं टोक कापलं होतं. त्यातून अंगठा बाहेर डोकावत होता.

आळशी म्हणावं, तर वैजनाथ सकाळी आठपासून मान मोडून बसलेला असे. पट्टे, बकलं, उसवलेली दप्तरं, सगळं वेळेत. फक्त हा बूट हातात घ्यायचा म्हटलं की त्याला चहा आठवायचा. तळवा सूतभर चुकला तर पोरीच्या कंबरेचं वाटोळं, आणि विचारायला शेजारी कुणी नाही. भीती वाटते असं सांगण्यापेक्षा सोमवार सांगणं सोपं होतं.

पूजाने फळीवरची पिशवी ओढली. पिशवीवर पूजाचंच नाव होतं. आत न कापलेलं काळं कातडं आणि घडी घातलेला कागद. कागदावर पेन्सिलीने काढलेलं पाऊल, खाली तारीख संक्रांतीच्या आठवड्यातली. आता श्रावण चालू होता.

"म्हंजे कापलं बी न्हाई?" तिचा आवाज चिरकला.

वैजनाथने चपलेला आणखी एक टाका घातला.

तिने कागद जमिनीवर आपटला, बूट काढून फेकला आणि त्या पेन्सिलीच्या पावलावर आपलं पाऊल ठेवलं. अंगठा रेषेच्या बाहेर गेला, चांगला नखभर.

"तुमी थांबलात काका. माझा पाय कसा थांबंल? डॉक्टर म्हनले, अशीच चालली तर कंबर वाकडी हुईल. जमत न्हाई म्हनला असता, तर आईनं दुसरीकडं नेलं असतं की मला!"

तेवढ्यात शेजारचा टायरवाला गनीभाई तुटकी चप्पल घेऊन आला. "वैजनाथ, दोन टाके मार रे."

वैजनाथचा हात आपोआप पुढे झाला. पूजा त्या हाताकडे बघत राहिली. त्याने हात मागे घेतला.

"आज न्हाई," तो ओरडला. "आज कुनाचंच न्हाई! जा!"

गनीभाई चप्पल हातात धरून अनवाणीच मागे फिरला. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. राग कुणावर होता ते पूजालाही कळलं, पण तिने दया दाखवली नाही. ती तिथेच खाली बसली.

वैजनाथने कोरा कागद घेतला. पाऊल पुन्हा काढलं. तळव्याची उंची दोनदा मोजली, मग तिसऱ्यांदा मोजली. कातड्यावर रेघ मारली आणि कापायची रापी उचलली. टाचेकडून निघालेली रापी अंगठ्याजवळ येऊन अडली.

"पोरांच्या बुटाला थोडं वाढीव सोडत्यात," तो मान वर न करता म्हणाला. "तुला किती सोडू?"

"तुमी कवा देनार, त्याच्यावर हाय."

वैजनाथचे कान तापले. त्याने रापी दाबली.